कावाई पियानो: गाडी बनवणाऱ्याचा मुलगा, एक संप आणि प्लास्टिकचा वाद

मध्यसप्तक (धागाकर्ता)

जपानी पियानो म्हटलं की आपल्याकडे एकच नाव निघतं, यामाहा. त्याच गावातला दुसरा कारखाना, कावाई, त्याच्याबद्दल मराठीत काही वाचल्याचं आठवत नाही. म्हणून हा धागा.

थोडक्यात पार्श्वभूमी. गाव हामामात्सु, शिझुओका प्रांत. तिथे तोराकुसु यामाहा नावाचा दुरुस्तीवाला होता. घड्याळं आणि डॉक्टरांची उपकरणं दुरुस्त करायचा. १८८७ मध्ये गावातल्या शाळेचा अमेरिकन ऑर्गन बिघडला, तो त्याने उघडला, दुरुस्त केला आणि आतली रचना बघून स्वतःच एक बनवायला घेतला. त्याच्याच शेजारात गाड्या बनवणारं कावाई कुटुंब राहत होतं. त्यातला कोइची (जन्म १८८६) लहानपणीच स्वतः बनवलेली पायडलची गाडी गावातून फिरवायचा. यामाहाने ते पाहिलं आणि पोराला, वय जेमतेम अकरा, हाताखाली घेतलं. पट्टी दाबल्यापासून हातोडी तारेवर आपटेपर्यंतची जी यंत्रणा असते, ती जपानमध्ये पहिल्यांदा जुळवली ती या कोइचीने. १९२७ मध्ये तो बाहेर पडला आणि स्वतःची संस्था काढली. नाव काय ठेवलं? 'कावाई वाद्य संशोधन प्रयोगशाळा'. कारखाना म्हटलं नाही, प्रयोगशाळा म्हटलं! पहिला पियानो ६४ पट्ट्यांचा, म्हणजे नेहमीच्या ८८ पेक्षा आखूड आणि स्वस्त.

माझं म्हणणं असं: जपानी वाद्यांचं कौतुक करताना लोक झेन, ध्यान, पिढ्यानपिढ्यांची साधना वगैरे सांगतात, त्यात फारसा दम नाही. १९०० च्या आधी त्या देशात पियानो जवळपास बनतच नव्हता, पिढ्या आणणार कुठून? खरी गोष्ट सुतारकाम, दुरुस्ती आणि लाकडातला ओलावा यांची आहे.

आणि प्रश्न असा: कावाईच्या यंत्रणेतले बरेच भाग १९७० च्या दशकापासून लाकडाचे नाहीत, एबीएस प्लास्टिकचे आहेत. मग याला कारागिरी म्हणायचं का?

निवांत

आरएक्स १०० वाली यामाहा हीच का?

मध्यसप्तक

@निवांत, हो, उगम एकच. मोटारसायकलची कंपनी १९५५ मध्ये वेगळी झाली. बोधचिन्हात एकमेकांवर आडवे ठेवलेले तीन ट्यूनिंग फोर्क आहेत ते बघा. पण धागा कावाईचा आहे, गाडी रुळावर ठेवा.

निवांत

आयुष्यभर त्या टाकीवरच्या चिन्हाला कसलीतरी काटेरी चांदणी समजत होतो. धागा वसूल. आता रुळावर.

पायपेटी

छान धागा. मी पेट्या दुरुस्त करतो, अधूनमधून संगीत नाटकवाल्यांचे जुने ऑर्गनही येतात. त्यामुळे त्या १८८७ च्या गोष्टीबद्दल दोन शब्द.

शाळेतला तो ऑर्गन म्हणजे आपली पायपेटीच म्हणा. पायाने भाता, पितळी सुरांच्या पट्ट्या, पाइप नाहीत. आपल्याकडे गंधर्वांच्या काळात रंगभूमीवर जो ऑर्गन होता तोही याच कुळातला. असं वाद्य उघडून दुरुस्त करणं हुशार दुरुस्तीवाल्याला जमतं. पेटी बनवणंही जमतं. जमत नाही ते सूर लावणं. पितळी पट्टी टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, हे हात चार दिवसांत शिकतात. पण किती चढवायचा हे कानाला आधी माहीत असावं लागतं. पाश्चात्त्य पद्धतीत बारा स्वर सारख्या अंतरावर बसवतात, त्यासाठी प्रत्येक पंचम अगदी किंचित खाली ठेवावा लागतो. शुद्ध पंचम लावत गेलात तर शेवटी सप्तक जुळत नाही, कुठेतरी ओरडतं.

यामाहाचं नेमकं हेच झालं. त्याने आणि त्याच्या जोडीदाराने पहिला ऑर्गन खांद्यावर घेऊन तोक्योला नेला, हाकोनेचा घाट चढून. तिथल्या संगीत संस्थेने तपासला आणि सांगितलं, बांधणी चांगली, सूर बरोबर नाहीत. तो तिथेच साधारण महिनाभर राहिला, संगीताची तत्त्वं शिकला आणि परत येऊन दुसरा बनवला. मला या गोष्टीतला तो महिना सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घाट चढल्याचं सगळे सांगतात.

अनघा_प

खांद्यावर? ऑर्गन?? रेल्वे नव्हती का?

हामामात्सुवासी

@अनघा_प, नव्हती. तोकाइदो रेल्वेमार्ग तोक्योतल्या शिम्बाशीपासून कोबेपर्यंत पूर्ण झाला १८८९ मध्ये. दोन वर्षं थांबले असते तर डब्यात बसून गेले असते. खांद्यावर लांब दांडी आणि मध्ये ऑर्गन टांगलेला. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. जोडीदाराचं आडनावही कावाईच, किसाबुरो कावाई, दागिने घडवणारा कारागीर. कोइचीच्या घराण्याशी त्याचा संबंध नाही. इथे नव्याने येणारे हमखास गोंधळतात.

मी नोकरीनिमित्त या गावात राहतो (वाहन उद्योग, इथे बरेच भारतीय आहेत, मराठी मंडळीही). काही गोष्टी इथे राहिल्याशिवाय लक्षात येत नाहीत.

एक, गावाच्या कडेने तेनर्यू नदी वाहते. वरच्या डोंगरात देवदार आणि सायप्रससारख्या झाडांची मोठी लागवड आहे आणि पूर्वी तोडलेले ओंडके नदीतून खाली यायचे. त्यामुळे गावात सुतार भरपूर, करवती भरपूर. शिवाय हातमागाचा धंदा. सुझुकी १९०९ मध्ये मागच बनवायला लागले होते. म्हणजे लाकडाची हलती यंत्रं बनवणारे हात गावात आधीपासून होते. पियानो म्हणजे दुसरं काय? साउंडबोर्डचं (तारांचा आवाज मोठा करणारी पातळ फळी) लाकूड मात्र स्थानिक नाही. त्याला स्प्रूस हे थंड प्रदेशातलं झाड लागतं, ते होक्काइदोहून आणत आणि पुढे बाहेरून.

दोन, हवा. उन्हाळा मुंबईसारखा दमट आणि हिवाळ्यात कोरडा बोचरा वारा, सर्दी झाली की पंधरा दिवस हटत नाही. लाकूड वर्षातून एकदा फुगतं, एकदा आक्रसतं. इथे टिकेल ते लाकूड बऱ्याच ठिकाणी टिकेल.

आणि तीन, इथली वाम मासळी प्रसिद्ध आहे, हामाना सरोवराची. गावात आलात की आधी ती खा, मग वाद्यांचं संग्रहालय बघा.

निवांत

तिसरा मुद्दा सर्वांत पटला.

तानपुरा

सगळं ठीक आहे, पण ज्या वाद्यात मींड निघत नाही त्याचं एवढं काय? दोन स्वरांच्या मधली जागाच नाही. पेटीबद्दल आपल्याकडे इतकी वर्षं भांडलो, आता पियानोचे गोडवे.

पायपेटी

@तानपुरा, पेटीवाल्याला हे ऐकायची सवय आहे. :) हलके घ्या. मींड नाही हे खरं. पण ती उणीव आहे हे कबूल करूनसुद्धा वाद्य कसं बनतं हे बघायला हरकत काय?

सविस्तर

संपाबद्दल धागाकर्त्याने शीर्षकात लिहिलं आणि मजकुरात विसरला, म्हणून मी लिहितो.

तोराकुसु १९१६ मध्ये वारला. त्यानंतर निप्पॉन गाक्की (यामाहाचं तेव्हाचं नाव) चियोमारु आमानो या दुसऱ्या अध्यक्षाच्या हातात गेली. पहिल्या महायुद्धात जर्मन वाद्यं बाजारातून गेल्यामुळे धंदा फुगला आणि युद्ध संपल्यावर बसला. त्यात १९२३ चा भूकंप. १९२६ मध्ये कामगारांचा संप झाला आणि तो १०५ दिवस चालला. जपानच्या कामगार चळवळीच्या इतिहासात त्याचं नाव घेतलं जातं. कामगार हरले, अनेकांना काढलं, पण कंपनीचंही कंबरडं मोडलं. पुढच्या वर्षी बाहेरून काइची कावाकामी यांना अध्यक्ष म्हणून आणलं. त्याच वर्षी, १९२७ मध्ये, कोइची कावाई काही सहकाऱ्यांना घेऊन बाहेर पडला.

म्हणजे 'एका द्रष्ट्या संशोधकाचं स्वप्न' असं कंपनीच्या माहितीपत्रकात लिहितात, तेवढंच ते नाही. मोडलेल्या कारखान्यातून अनुभवी माणसं बाहेर पडली आणि त्यांना पोट होतं. त्याच सुमारास निप्पॉन गाक्कीने बेख्श्टाइन या जर्मन पियानो कंपनीचा श्लेगेल नावाचा जर्मन तंत्रज्ञ बोलावला होता. म्हणजे एकीकडे जर्मन गुरू, दुसरीकडे जुना चेला बाहेर. पुढची जवळजवळ शंभर वर्षं एकाच गावातले दोन कारखाने एकमेकांवर डोळा ठेवून आहेत. ही स्पर्धा नसती तर दोघांचेही पियानो इतके सुधारले असते असं मला वाटत नाही.

मध्यसप्तक

@सविस्तर, धन्यवाद, हे मुद्दाम प्रतिसादांसाठी ठेवलं होतं (असं म्हणतो).

अनघा_प

दुसऱ्या महायुद्धात काय झालं या कारखान्यांचं?

हामामात्सुवासी

पियानो बंद. लाकूडकाम येत होतं म्हणून विमानांचे पंखे, प्रॉपेलर. निप्पॉन गाक्कीमध्ये ते लाकडी आणि धातूचे दोन्ही बनत. ते भराभर कापायचं स्वयंचलित यंत्र बनवून देणारा माणूस म्हणजे सोइचिरो होंडा, तोही याच भागातला. १९४५ मध्ये गावावर विमानांतून बॉम्ब पडले आणि जुलैअखेरीस समुद्रातून जहाजांच्या तोफांचाही मारा झाला. गाव जवळपास पुन्हा बांधावं लागलं. पियानो चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस परत सुरू झाले.

ट्यूनर_गिरगाव

आता प्लास्टिकवर कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. मुंबईत पियानो लावायचं आणि दुरुस्तीचं काम करतो, वडिलांपासून.

आधी यंत्रणा समजून घ्या. पट्टी दाबली की हातोडी तारेवर दाबली जात नाही, फेकली जाते. तारेच्या दोनेक मिलिमीटर आधी खालचा खटका निसटतो आणि हातोडी उरलेलं अंतर स्वतःच्या वेगाने जाते. नाहीतर ती तारेला चिकटून राहील आणि सूर दबेल. मग पट्टी पूर्ण वर न येताच पुन्हा वाजवता यावी म्हणून आणखी एक तरफ. ही दुहेरी व्यवस्था पॅरिसच्या एरार या पियानो बनवणाऱ्याने १८२१ मध्ये केली, आजचे ग्रँड (आडव्या तारांचे मोठे पियानो) अजून त्यावरच चालतात. म्हणजे एका पट्टीमागे अनेक छोटे सांधे. प्रत्येक सांध्यात लाकडाला भोक, भोकात लोकरीच्या कापडाचं अस्तर आणि त्यात धातूची बारीक पिन. गुणिले ८८.

आता जुलै महिना आणा. लाकूड फुगलं, कापड फुगलं, पिन आवळली. पट्टी खाली जाते आणि आळसावल्यासारखी वर येते. गिऱ्हाईक फोन करतं, 'पियानो खराब झाला.' खराब काही नाही, पावसाळा आहे. मग एकेक सांधा उघडून भोक हलकंसं मोकळं करायचं. ऑक्टोबरात तेच सांधे खुळखुळतात.

कावाईने काय केलं, तर खटका आणि तरफेसारखे भाग एबीएसचे केले. तो दमट हवेत फुगत नाही आणि सगळे भाग एकसारखे निघतात. २००० नंतर त्यात कार्बन तंतू मिसळले, त्यामुळे भाग हलके आणि जास्त ताठ झाले. हातोडीची दांडी मात्र अजून लाकडाचीच आहे, कारण तिच्या लवचिकतेचा आवाजाशी संबंध येतो. हातोडीवर लोकरीचं फेल्टच आहे, पट्ट्या लाकडाच्या, साउंडबोर्ड स्प्रूसचा. लोक 'प्लास्टिकचा पियानो' म्हणतात तेव्हा मला हसू येतं.

विरोध का झाला तेही सांगतो. साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या स्टाइनवे या पियानो कंपनीने सांध्यातलं लोकरीचं कापड काढून टेफ्लॉनची नळी घातली होती. कल्पना तीच, फुगणारं काढून न फुगणारं घालायचं. पण भोवतीचं लाकूड फुगत-आक्रसत राहिलं, टेफ्लॉन तसंच. नळी सैल झाली की टिक-टिक आवाज. दुरुस्तीवाले वैतागले. ऐंशीच्या दशकात परत कापड आलं. त्यानंतर 'पियानोत नवं मटेरियल' म्हटलं की आमच्या लोकांच्या कपाळाला आठी. कावाईने फरक असा केला की नळीपुरतं मटेरियल न बदलता पूर्ण भागच बदलला.

माझं मत: मुंबईत, कोकणात, गोव्यात एबीएसचा पियानो कमी त्रास देतो. शिकाऊ मुलाला तर नक्कीच.

तानपुरा

म्हणजे कारागीर संपला, साचा आला.

ट्यूनर_गिरगाव

@तानपुरा, साच्यातून भाग निघतो, पियानो निघत नाही. ग्रँडमध्ये साधारण २३० तारा, त्यांचा एकत्रित ताण वीस टनांच्या आसपास. तो पेलायला बिडाची चौकट. हे सगळं बसवल्यावर नुसतं ट्यूनिंग करून भागत नाही, तारा ताणत राहतात, महिनोन्महिने पुन्हा पुन्हा लावावं लागतं. मग हातोड्यांच्या फेल्टमध्ये सुया टोचायच्या. कुठे टोचलं, किती खोल, यावर आवाज कडक की मऊ हे ठरतं. जास्त टोचलं की फेल्ट मेलं, परत आणता येत नाही. ८८ हातोड्या एका घरातल्या वाटल्या पाहिजेत. हे यंत्र करत नाही.

पायपेटी

+१. सुयांबद्दल अजून लिहा की. आमच्याकडे घासणं आहे, तुमच्याकडे टोचणं.

मध्यसप्तक

इथे शिगेरू कावाईचं नाव यायला हवं. कोइची १९५५ मध्ये गेल्यावर कंपनी शिगेरूकडे आली, तेव्हा तो ३३ वर्षांचा. त्याने सगळ्यात आधी विक्री वाढवली: दारोदार फिरणारे विक्रेते, गावोगाव संगीतवर्ग. यामाहाचेही वर्ग १९५४ पासून सुरू होतेच. मुलगी झाली की घरात पियानो, असं जपानी मध्यमवर्गाचं झालं ते याच काळात. १९८० मध्ये ग्रँडसाठी र्यूयो इथे वेगळा कारखाना निघाला. आणि आयुष्यभर लाखांनी पियानो विकल्यावर १९९९ मध्ये स्वतःच्या नावाची वेगळी ग्रँड मालिका काढली, मोजक्या संख्येने बनणारी. साउंडबोर्डचं लाकूड भट्टीत घाईने न सुकवता अनेक वर्षं हवेत ठेवलेलं. घेणाऱ्याच्या घरी कंपनीचा वरिष्ठ तंत्रज्ञ स्वतः येऊन पियानो लावून देतो, मग तो ग्राहक दुसऱ्या खंडात का असेना.

आधी सगळ्यांसाठी, मग थोड्यांसाठी. युरोपात बहुतेक वेळा उलट झालं. तिथल्या नावाजलेल्या कारखान्यांनी आधी दरबार आणि सभागृहं धरली, स्वस्त मॉडेलं नंतर काढली.

सविस्तर

त्या मालिकेचा मोठा पियानो वॉर्सात होणाऱ्या शोपॅन पियानो स्पर्धेत २०२१ मध्ये अलेक्झांडर गाजियेवने वाजवला आणि दुसरं बक्षीस (विभागून) मिळवलं. यामाहाचा निकाल आधीच लागला होता, २०१० मध्ये युलियाना अवदेयेवा यामाहावर पहिली आली. दोन्ही कंपन्यांना त्या स्पर्धेत प्रवेश मिळाला १९८५ मध्ये, एकाच वर्षी. वॉर्सात जाऊनही शेजारी सुटले नाहीत.

निवांत

गावकी.

कोकणची_कावड

जरा व्यवहारी प्रश्न. जपानमधून आलेले जुने पियानो आपल्याकडे विकायला असतात, तीस-चाळीस वर्षं वापरलेले. काही लोक म्हणतात की ते जपानच्या हवेसाठी बनलेले असतात, दुसरीकडे तडकतात. खरं का? मुलीसाठी बघतोय, रत्नागिरी.

ट्यूनर_गिरगाव

ही चर्चा अमेरिकेतून आली. साठच्या दशकात तिकडे गेलेल्या काही जपानी पियानोंना तडे गेले, कारण लाकूड दमट हवेला सुकवलेलं आणि तिथली घरं हिवाळ्यात हीटरने कोरडी ठणठणीत. मग कंपन्या ज्या देशात पाठवायचा त्या हवेप्रमाणे लाकूड सुकवायला लागल्या. जुने पियानो परस्पर आयात करणाऱ्यांबद्दल तिकडे अजून भांडणं चालतात आणि दोन्ही बाजूंना विकायचं असतं हे विसरू नका.

रत्नागिरीत तुम्हाला उलटा धोका आहे. तडे नाही, गंज आणि बुरशी. घेताना खालची फळी काढून बघा. तारा आणि त्या ज्यांना गुंडाळलेल्या असतात त्या पिना तांबूस झाल्यात का? पिना लाकडात घट्ट आहेत का? ट्यूनरला एक पिन फिरवून बघायला सांगा, सैल असेल तर सूर आठवडाभरही टिकणार नाही. हातोड्यांवर तारेच्या खोल चिरा? फेल्टला कसर लागलीय? अनुक्रमांकावरून बनवल्याचं वर्ष काढता येतं, तेही बघा. बाहेरच्या चकचकीत पॉलिशकडे बघूच नका, ते पुन्हा केलेलं असतं. माझ्या ओळखीच्या एकांनी एका दुकानातून नुसता चकाकता पियानो घेतला आणि आत उंदराचं घरटं निघालं.

अनघा_प

उंदीर! पॉलिशसकट बिऱ्हाड.

हामामात्सुवासी

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण इथल्या कारखान्यात एकदा फेरी मारली आहे. बाहेरच्यांना ठरावीक भाग दाखवतात.

कारागिरी कुठे आहे हे शोधत गेलो तर मला ती हातात धरलेल्या रंध्यात दिसली नाही. लाकूड कापणं, भोकं पाडणं, सगळं यंत्रावर. एके ठिकाणी मात्र एक मध्यमवयीन बाई पट्ट्यांची उंची तपासत होती. पट्टीखाली कागदाच्या पातळ चकत्या घालायच्या, काढायच्या, बोटाने दाबायचं, पुन्हा चकती. मी बराच वेळ बघत उभा राहिलो, तिने एकदाही वर पाहिलं नाही. मला वाटतं कोइचीचं कामही हेच होतं. तो शिल्पकार नव्हता, सांधे जुळवणारा होता. गाडीचं चाक आस सोडून डगमगू नये हे बापाकडे शिकला, हातोडी डगमगू नये हे इथे. तो आज असता तर प्लास्टिक वापरलं असतं का? मला वाटतं, फुगत नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी वापरलं असतं.

तानपुरा

हे पटण्यासारखं लिहिलंत. लाकडाचं प्रेम माझं तरी जाणार नाही. तानपुऱ्याचा भोपळा उद्या फायबरचा करा म्हणालात तर मी आडवा येईन.

पायपेटी

@तानपुरा, फायबरचे आलेत बाजारात. विमानात न्यायला बरे पडतात. पळतो.

मध्यसप्तक

@हामामात्सुवासी, यात थोडा मतभेद. यंत्रावर काय सोपवायचं आणि हातात काय ठेवायचं हे ठरवणं हीच मला कारागिरी वाटते. दांडी लाकडाची ठेवली आणि खटका प्लास्टिकचा केला, हा निर्णय कोणत्याही रंध्याइतकाच कसबाचा आहे. टेफ्लॉनवाल्यांकडेही हात होते, निर्णय चुकला.

कोकणची_कावड

सगळ्यांना धन्यवाद. एक राहिलं: पावसाळ्यात पियानोत बल्ब लावून ठेवतात म्हणे, ते खरं का? आजोबांच्या ओळखीतल्या एका घरी गोव्यात पाहिल्याचं आई सांगते.

ट्यूनर_गिरगाव

खरं आहे, जुनी पद्धत. उभ्या पियानोच्या खालच्या फळीमागे कमी वॅटचा पिवळा बल्ब, लाकडापासून नीट लांब. एलईडी लावून उपयोग नाही, तो तापत नाही. आता यासाठी विजेवर चालणारी तापणारी कांडीही मिळते, ती जास्त सुरक्षित. फक्त पावसाळ्यापुरती लावा. मार्च-एप्रिलमध्ये चालू ठेवलीत तर मग खरोखरच तडे जातील आणि नाव जपानचं निघेल. पियानो बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मध्ये हातभर जागा सोडा. घेण्याआधी आतले फोटो इथे टाका, बघून सांगतो.